हिरवा दिवा आणि आपाचा ताप

त्या हॉलमध्ये शिरलं की बाहेरचं नगर पुसलं जायचं. ऊन, धूळ, ट्रकचे हॉर्न, रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्या, सगळं दोन दारांच्या मागे राहायचं आणि पुढे नुसता पांढरा उजेड असायचा. त्या उजेडात सावल्याच पडत नसत. एसीचा एकसुरी आवाज कानात इतका मुरायचा की घरी गेल्यावर शांतता विचित्र वाटायची. निळे कोट, पांढऱ्या टोप्या, तोंडावर मास्क, आणि दोन रांगांत बसलेल्या चोवीस बायका. त्यांचे फक्त डोळे दिसायचे. विजेच्या मीटरमध्ये बसणारे छोटे हिरवे बोर्ड आमच्या समोरून सरकत जायचे, संथ पाण्यातून मासे जावेत तसे. कितीतरी वेळा मला वाटायचं की मी जागी नाही.

मी तिथे लागले ती कॉलेज बंद पडलं म्हणून. रोगाची पहिली लाट ओसरली होती. कारखाने परवानगी काढून उघडले होते, वर्ग मात्र मोबाईलमध्ये गेले होते आणि आमच्या घरात मोबाईल एकच. भिंगारला आमचं दोन खोल्यांचं घर. वडील आयुष्यभर कामगार संघटनेत होते. पलंगाखालच्या ट्रंकेत त्यांची पत्रकं असायची, संपाची, मोर्च्यांची, जयंतीची, पाणीटंचाईच्या सभेची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. माझ्या वयाच्या मुली चिऊकाऊच्या गोष्टी वाचत होत्या तेव्हा मी ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ हे अक्षराला अक्षर लावून वाचत होते, आणि मला खरंच वाटायचं की सगळं जग झोपलंय आणि त्याला उठवायचं काम आमच्या घराकडे आहे.

पहिल्या दिवशी शिकवायला आलेल्या माणसानं आमच्या डाव्या मनगटाला पट्टा बांधला. पट्ट्याला गुंडाळीची वायर, वायरचं टोक टेबलात. “अंगात वीज असते,” तो म्हणाला. “केस विंचरताना, ओढणी सारखी करताना तयार होते. तुम्हाला कळत नाही, पण बोर्डावरचा नाजूक भाग तेवढ्यानं मरतो. पट्टा ती वीज जमिनीत सोडतो.”

मी विचारलं, “आणि मास्क?”

“बोर्डावर थुंकी उडू नये.”

“हातमोजे?”

“घाम लागू नये.”

माझ्या डोक्यात मोठ्या टायपात ओळी जुळायला लागल्या. डोक्यापासून पायापर्यंत आम्हाला जे जे घातलं होतं ते सगळं बोर्डाला आमच्यापासून वाचवायला होतं. शिसं वितळून धूर निघायचा तो ओढून घेणारी नळी मात्र आमच्या रांगेत दोन टेबलांवर बंदच होती, आणि ती कधीपासून बंद होती हे कुणालाच आठवत नव्हतं.

हॉलच्या दारात भिंतीवर एक डबा होता. पट्ट्याची वायर त्यात खुपसायची, पत्र्यावर अंगठा दाबायचा. पट्टा नीट बसला असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. लाल आला की आत यायचं नाही. डब्याचं काम एवढंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर आपा बसायची. सगळी रांग तिला आपाच म्हणायची. पन्नाशीला आलेली, भिंगारचीच, बाजाराच्या मागच्या गल्लीतली. हात असा स्थिर की तिनं लावलेला शिशाचा डाग पुन्हा बघायला लागायचा नाही. एका हातानं पट्टा घट्ट बसत नाही, म्हणून आमच्या रांगेत शेजारणी एकमेकींचा पट्टा बांधायच्या. माझा आपा बांधायची, तिचा मी. रोग पुन्हा वाढायला लागल्यावर फतवा निघाला की कुणी कुणाला हात लावायचा नाही. बायका दातानं पट्टे ओढायला लागल्या. त्यासाठी मास्क खाली करावा लागायचा, हे फतवा काढणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. आम्ही दोघींनी मात्र जुनी रीत सोडली नाही.

“सात वर्षं झाली मी तोंड झाकून बसतेय इथं,” आपा म्हणायची. “दुनियेला आत्ता कळलं.”

दुसरी लाट आली तेव्हा गेटवर दोन गोष्टी आल्या. एक ताप बघायची बंदूक आणि एक सॅनिटायझरचं पिंप. बंदुकीवर कुणाचाच विश्वास नव्हता. सकाळी सातला वाऱ्यातून टेम्पोनं आलेल्या कपाळांना ती सरसकट चौतीस सांगायची. रांगेत समोर बसणारी एक वहिनी राहुरीकडून यायची, तिची जीभ फार चालायची. ती वॉचमनला म्हणाली, “दादा, चौतीस म्हंजी मी मेल्यात जमा हाय की वो. आत सोडता का स्मशानात सोडता?” वॉचमनही हसला. बंदूक तेव्हापासून नुसती दाखवायला राहिली.

सॅनिटायझरच्या नियमाचं मात्र काटेकोर पालन व्हायचं. गेटवर, जिन्यात, दारात, जेवायच्या आधी, जेवल्यावर. दहा-बारा दिवसांत सगळ्यांचे हात नदीच्या कोरड्या पात्रासारखे भेगाळले. आणि मग दारातला डबा लाल दाखवायला लागला.

आज एकीला, उद्या तिघींना. वर्षानुवर्षं हिरवा येणाऱ्या बायकांना लाल. मला कारण माहीत होतं. शिकवणाऱ्यानं सांगितलंच होतं की कातडी फार कोरडी झाली तर वीज पट्ट्यात उतरत नाही, पाण्याचा हात फिरवला की उतरते. मी रोज बाथरूममध्ये मनगट ओलं करून यायचे आणि मला रोज हिरवा यायचा. पण त्याच दिवसांत लाल आलेल्यांपैकी दोघी आजारी पडल्या. बस, तेवढं पुरलं. आठवड्याभरात सगळ्या हॉलला ठाऊक झालं की डब्याला रोग कळतो.

ते एखाद्या धुक्यासारखं पसरलं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती. सकाळी दारासमोर सहा-सहा फुटांवर बायका उभ्या राहायच्या आणि एकेक पुढे जाऊन अंगठा ठेवायची, देवाला कौल लावावा तशी. हिरवा लागला की खांदे सैल पडायचे. लाल लागलेलीकडे कुणी बघायचं नाही. सुपरवायझर नगरचाच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो फक्त म्हणायचा, “लाल आला, घरी जा.” का, ते सांगायचा नाही. त्यालाही सोयीचंच होतं, वाद होत नव्हता. पण एकदा सगळ्या आत गेल्यावर मी त्याला काचेतून पाहिलं. पट्टा बांधून तो एकटाच डब्याजवळ उभा होता. अंगठा ठेवला, हिरवा आला, आणि त्यानं डोळे मिटले.

मी एकदा, एकदाच, जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. म्हटलं, “त्या डब्याला ताप-बिप काही कळत नाही. तो फक्त पट्टा बघतो. कातडी कोरडी पडलीय म्हणून लाल येतं.”

राहुरीची वहिनी म्हणाली, “आल्या डाक्टरीणबाई! कालेजात डबेच शिकवत्यात का तुमाला?”

सगळ्या हसल्या. आपासुद्धा. मला ते लागलं. वडिलांची अठरा-अठरा पानी निवेदनं कोळून प्यालेली मुलगी मी, आणि मला डब्यावरून हसतात? मी ठरवलं की असल्या खुळचट गोष्टीत शिरायचंच नाही. मोठं बोलायचं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पत्रक लिहायला घेतलं.

तसं पत्रक मी पुन्हा लिहू शकणार नाही. त्यात आग होती. धूर ओढणाऱ्या नळ्या दुरुस्त करा, टेबलांत अंतर ठेवा, टेम्पोत निम्म्याच बायका बसवा, आजारी कामगाराची रजा भरपगारी धरा. ‘बोर्डाला काचेचं घर आणि बोर्ड घडवणारीला टेम्पोचा फाळका’ या ओळीवर मी स्वतःच खूष झाले. वडिलांनी चष्मा लावून वाचलं, तीन ठिकाणी उद्गारचिन्हं खोडली आणि म्हणाले, “चांगलंय.” दोन पानांत मी जगातला सगळा अन्याय बसवला. डब्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

आपाला त्या दरम्यान दोनदा लाल आला. पहिल्यांदा मी तिच्या कानाशी लागले. “आपा, मनगटाला पाणी लाव. लगेच हिरवा येतो. मी रोज लावते.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला मापात पाप करायला सांगितलं होतं.

“खोटा हिरवा काढू?”

“खोटा नाही गं. तो डबा...”

“माझ्या बाजूला तू बसतेस. त्या बाजूला लेकुरवाळी बसते. मी आजार दडवून आत येऊ आणि तुमच्यावर खोकू? अल्लाला काय सांगू?” ती शांतपणे म्हणाली, पर्स उचलली आणि घरी गेली. दुसऱ्या वेळीही तशीच गेली. जाताना मला म्हणाली, “तिसऱ्यांदा लाल आला तर सिव्हिलला जाऊन तपासून घेणार बघ. छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय दोन दिवस. पण डबा काय म्हणतो ते बघू आधी.”

मी तिच्यामागे जायला हवं होतं. मी गेले नाही, कारण माझ्या कोटाच्या आत पत्रकाच्या ऐंशी प्रती होत्या आणि त्या जेवणाच्या सुट्टीत कशा वाटायच्या याचा मी विचार करत होते.

त्यानंतरचा दिवस मला अजूनही सलग आठवत नाही, तुकड्यांत आठवतो. टेम्पोतून उतरताना आपाच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते आणि सकाळ तर गार होती. बंदुकीनं नेहमीसारखं चौतीस म्हटलं. ती दारात माझ्या पुढे होती. तिनं अंगठा ठेवला आणि दिवा हिरवा लागला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा इतका लख्ख, इतका झटकन हिरवा. आपानं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे हसले.

“बघ! ठणठणीत हाय मी. उगाच घाबरले.”

आत आम्ही आपापल्या टेबलांशी उभ्या राहिलो. तिनं नेहमीसारखा हात पुढे केला, सैल झालेला पट्टा घट्ट करून घ्यायला. मी मनगट धरलं आणि हात मागे घेतला. तव्याजवळ हात गेल्यावर घेतो तसा. मग पुन्हा धरलं. कातडी ओलीचिंब होती, घामानं. कोरड्या हातांच्या त्या सगळ्या हॉलमध्ये एकटी आपा ओली होती, आणि म्हणूनच तिला हिरवा आला होता.

तो पांढरा उजेड त्या क्षणी मला पाण्यासारखा वाटला. आपण सगळ्या त्याच्या तळाशी बसलोय, वर काहीतरी घडतंय आणि त्याचा आवाज इथपर्यंत पोचत नाहीये.

“आपा, तुला ताप आहे. खूप आहे.”

“हिरवा आलाय.”

“ताप आहे म्हणूनच आलाय.”

“काहीतरी नको बोलू. दोनदा लाल आला, गेले ना मी घरी? गपचूप गेले. आज हिरवा आला तर तू मला घालवतेस?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की माझ्यासारखी मुलगी असं का वागतेय.

एवढी पत्रकं वाचली, एवढी लिहिली, आणि एका बाईला एक साधी गोष्ट पटेल असं वाक्य मला सुचेना. मी तिचा पट्टा काढला, माझाही काढला, आणि दाराकडे चालायला लागले. सुपरवायझर ओरडला, “कुठे? लाइन सुरू झालीय!” मी थांबले नाही. आपा मागून आली, बहुतेक मला आवरायला. मग राहुरीची वहिनी उठली, कारण काही घडत असेल तर ती बसून राहणं शक्यच नव्हतं. मग अजून काही जणी.

दारात मी मनगट कोटाला कोरडं पुसलं. सॅनिटायझर ओतलं, चोळलं, फुंकर मारून वाळवलं. पुन्हा ओतलं, पुन्हा वाळवलं. पट्टा बांधला, अंगठा ठेवला. लाल.

कुणीतरी मागे सरकलं.

“थांबा,” मी म्हटलं. पाण्याची बाटली उघडली, पट्ट्याखाली पाणी सोडलं, अंगठा ठेवला. हिरवा.

“दोन मिनिटांत मला रोग झाला आणि दोन मिनिटांत बरा झाला?” माझा आवाज चिरकला. “वहिनी, तुम्ही या. तुम्हाला काल लाल होता ना? पाणी लावा.”

वहिनी आली. तिनं पाणी लावलं, अंगठा ठेवला, आणि दिव्याकडे बघत राहिली. हिरवा. पुसलं, वाळवलं. लाल. तिनं हे तीनदा केलं. मग ती माझ्याकडे वळली.

“तुला कवापासून ठाव हाय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आन् आमी रोज हितं जीव मुठीत धरून हुबं ऱ्हातोय, ते बघत हुतीस?”

“मी सांगितलं होतं. तुम्ही हसलात.”

“आमी हसलो म्हून तू रुसलीस व्हय?” ती म्हणाली. “येकदा हसलं तर धा येळा सांगायचं. बाईला मारून सांगायचं. पानी लावून दावायला दोन मिन्टं लागत्यात, तू आत्ता लावली!”

मला वाटलं होतं की खरं कळल्यावर त्या माझ्या बाजूनं होतील, सुपरवायझरवर तुटून पडतील. त्या माझ्यावर तुटून पडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. सुपरवायझर तर भिंतीला टेकून उभा होता आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

आपानं दोन्ही हात समोर धरले, घामानं चमकणारे, आणि ते हात जणू दुसऱ्या कुणाचे असावेत असं बघत राहिली. मग ती हळूच जमिनीवर बसली.

“मग मला झालंय,” ती म्हणाली. “आणि मी आत येऊन बसले. त्या लेकुरवाळीच्या बाजूला.”

त्यानंतर मात्र सगळं फार झपाट्यानं झालं. वहिनीनं सुपरवायझरच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, “सायेब, कंपनीची गाडी काडा. टेम्पो न्हाई, तुमची गाडी. आपा बसल्याबिगर येक बाई आत जानार न्हाई.” त्या दिवशी आलेल्या सगळ्या बायका दारात उभ्या राहिल्या. घोषणा नाही, झेंडा नाही, मागणीपत्र नाही. आत बोर्ड एकावर एक साठत गेले आणि कुठलंतरी यंत्र टीं टीं करत राहिलं. अर्ध्या तासानं मोठ्या साहेबांची पांढरी गाडी आली, ड्रायव्हरच्या सीटमागे प्लास्टिकचा पडदा लावलेली. आपा मागे बसली. मी तिच्याबरोबर जायला निघाले तर तिनं काच वर केली.

सिव्हिलमध्ये तपासणी झाली, तिथून तिला एका मंगल कार्यालयात उघडलेल्या केंद्रात नेलं. तिला ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले होते की अजून दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. ते दोन दिवस मी अजून मोजते. लेकुरवाळीचा अहवाल चांगला आला. माझा चांगला आला नाही. मी बारा दिवस आमच्या आतल्या खोलीत पडून होते, आणि तापात मला तो हॉल दिसायचा. मोकळा, उजेडानं भरलेला, आणि बोर्ड नुसतेच सरकत चाललेले.

मी परत गेले तेव्हा दारात कागद चिकटवला होता: ‘या यंत्राने आजार कळत नाही.’ डब्याशेजारी हाताला लावायच्या मलमाची बाटली होती. बायकांचे हात मऊ झाले होते, भेगा भरल्या होत्या. बाटलीवर मी वाचलं. वीज नीट उतरावी म्हणून खास बनवलेलं ते मलम होतं. तेही बोर्डासाठीच. वहिनी मात्र ते कोपरापर्यंत चोपडायची आणि म्हणायची, “फुकटाचं हाय, लाव की.” नळ्या पावसाळ्यापर्यंत दुरुस्त झाल्या नाहीत. तोवर आम्ही पुन्हा दोनदा दारात उभ्या राहिलो होतो.

आपा कामावर परत आली नाही. शिशाचा धूर आता छातीला सोसणार नाही, असं तिला सांगितलं होतं. मी तिच्याकडे गेले तेव्हा दुपार होती. ती अंगणात खाटेवर बसली होती, अर्धी झालेली. माझ्याकडे बघून हसली नाही, पण पाय जवळ घेऊन जागा केली.

मी म्हटलं, “आपा, मी आधीच...”

“व्हय,” ती म्हणाली. “आधीच.” आणि तेवढ्यावर ते संपलं, किंवा संपलं नाही.

तिच्या मांडीवर एक प्लास्टिकचं खेळणं होतं, तीन उभ्या नळ्या आणि प्रत्येकीत एक रंगीत गोळी. दवाखान्यानं दिलेलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर उचलायच्या, छाती भरत येते तशा जास्त गोळ्या उठतात. पहिली गोळी तिनं सहज उचलली. दुसरी थरथरत वर गेली आणि क्षणभर टिकली. तिसरी तळाशीच होती. गल्लीत कुणाच्या तरी घरी कांदा परतल्याचा वास येत होता. आपानं नळी काढली, दम घेतला, पुन्हा लावली. मी पुढे झुकले. तिसरी गोळी किंचित हलली, जागच्या जागी गिरकी घेऊन थांबली.

“हलली,” मी म्हटलं.

“गप,” आपा म्हणाली. “मधे बोलू नको.” आणि तिनं पुन्हा श्वास ओढला.